चित्राखालची ओळ

1946 साली मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी पुण्यात गांधीजींचे एक छायाचित्र घेतले. पुढच्या बाजूला मोठा दिसणारा चरखा, त्याच्या मागे जमिनीवर बसून कागद वाचत असलेले गांधीजी आणि खिडकीतून येणारा उजेड. हे छायाचित्र एकदाही न पाहिलेला भारतीय वाचक सापडणे अवघड. ते काढण्यापूर्वी त्यांना सूत कातायला शिकावे लागले, ही हकीकतही बऱ्याच जणांना माहीत असते. त्या छायाचित्राचे पुढे काय झाले, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. ज्या 'लाइफ' साप्ताहिकासाठी बर्क-व्हाइट भारतात आल्या होत्या, त्याने भारतातील नेत्यांवरच्या आपल्या लेखात हे छायाचित्र घेतलेच नाही. त्याच वर्षी पुढे गांधीजींच्या निसर्गोपचारांवर एक मजकूर आला, त्याच्या माथ्यावर ते लहान आकारात छापले गेले. जानेवारी 1948 मध्ये गांधीजींचा खून झाला. त्यानंतरच्या श्रद्धांजलीच्या पानांवर हेच छायाचित्र एका युगाच्या समाप्तीची खूण होऊन आले.

निगेटिव्ह तीच, उजेड तोच, चरखाही तोच. पण पहिल्यांदा ते एका नेत्याच्या खासगी आवडीनिवडींवरच्या मजकुराची शोभा होते आणि दुसऱ्यांदा ते शोकाचे प्रतीक झाले. हा फरक कॅमेऱ्याने केलेला नाही, पानाने केला आहे.

आपल्याकडे छायाचित्रावर जे थोडेफार लिहिले जाते, त्यात या पानाचा विचार जवळजवळ नसतो. छायाप्रकाश, रचना, नेमका क्षण यांच्यावर लिहिले जाते. ते हवेच. मात्र विसाव्या शतकातली बहुतेक महत्त्वाची छायाचित्रे लोकांनी दालनाच्या भिंतीवर पाहिली नाहीत. ती नियतकालिकात, मजकुराच्या शेजारी, जाहिरातीच्या पाठीला पाठ लावून पाहिली. कवितेचा विचार करताना ती कोणत्या अनियतकालिकात आली हे आपण विचारतो. छायाचित्राच्या बाबतीत हाच प्रश्न विचारायची सवय आपल्याला लागलेली नाही.

छायाचित्र छापले जाते तेव्हा छायाचित्रकाराखेरीज आणखी तीन हात त्याला लागतात. पहिला हात निवडीचा आणि क्रमाचा: शंभरातली कोणती सात घ्यायची, कोणते आधी, कोणते पानभर. दुसरा हात कात्रीचा: कडेचा माणूस ठेवायचा की कापायचा. तिसरा हात ओळीचा: चित्राखाली काय लिहायचे आणि कोणाचे नाव द्यायचे. हे तीन हात ज्याच्याकडे, त्याच्याकडे त्या छायाचित्राचा छापील अर्थ. नियतकालिकात छायाचित्र छापून आणणे म्हणजे हा अर्थ दुसऱ्याच्या हाती सोपवणे. प्रश्न एवढाच उरतो की तो किती सोपवायचा आणि कशाच्या बदल्यात.

बदल्यात जे मिळते ते लहान नसते, हे आधी मान्य केले पाहिजे. यूजीन स्मिथ यांचे उदाहरण घेऊ. 1948 मध्ये 'लाइफ'ने त्यांचा 'कंट्री डॉक्टर' हा छायाचित्र-लेख छापला. कोलोरॅडोमधल्या क्रेमलिंग या लहान गावातले डॉक्टर अर्नेस्ट सेरियानी हा त्याचा विषय. दमलेला, एकटा, सतत कोणाच्या ना कोणाच्या हाकेला धावणारा हा माणूस. एखाद्या कथासंग्रहातले पात्र लक्षात राहावे तसा तो वाचकांच्या लक्षात राहिला. 1951 मध्ये आला 'नर्स मिडवाइफ'. साउथ कॅरोलायनातल्या मॉड कॅलन या कृष्णवर्णीय सुईणीवरचा हा लेख. तो वाचून लोकांनी आपण होऊन पैसे पाठवले आणि त्यातून त्यांच्यासाठी दवाखाना उभा राहिला. अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेद कायद्याने चालू असतानाच्या काळातली ही गोष्ट. एकट्या छायाचित्रकाराने आपली छायाचित्रे घरोघर नेऊन दाखवली असती तर हे घडले नसते. लाखो प्रती काढणाऱ्या साप्ताहिकाची ताकद ती होती.

पण त्याच स्मिथनी 'लाइफ' सोडले. 1954 मध्ये अल्बर्ट श्वाइट्झर यांच्या लांबारेने येथील रुग्णालयावरचा त्यांचा लेख आला. तो किती पानांचा असावा, कोणती छायाचित्रे घ्यावीत, मांडणी कोणी ठरवावी, यावरून वाद झाला. संपादकांनी आपल्या मताप्रमाणे छापले आणि स्मिथ बाहेर पडले. कलावंताचा स्वाभिमान म्हणून ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते, पण तिची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या लेखाचे सुरुवातीचे छायाचित्र, म्हणजे डोक्यावर टोपी घातलेले श्वाइट्झर, स्मिथनी दोन निगेटिव्ह जोडून केले होते. कोपऱ्यातली हाताची आणि करवतीच्या मुठीची काळी आकृती दुसऱ्या निगेटिव्हमधून आणली होती. पानावरचा ताबा संपादकाकडे असू नये म्हणणारा छायाचित्रकार डार्करूममध्ये स्वतः तोच ताबा गाजवत होता. संपादकाचा हात अशुद्ध आणि छायाचित्रकाराचा शुद्ध, इतकी सोपी वाटणी इथे चालत नाही. वाचकाला सांगून केलेला हस्तक्षेप आणि न सांगता केलेला हस्तक्षेप, ही वाटणी जास्त उपयोगाची आहे.

स्मिथ एकटे भांडले. त्याआधी काही जणांनी एकत्र येऊन वेगळा मार्ग काढला होता. 1947 मध्ये रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ, डेव्हिड सीमूर आणि जॉर्ज रॉजर यांनी 'मॅग्नम' ही सहकारी संस्था स्थापन केली. तिचा गाभा कलाविचारापेक्षा हिशेबाचा होता: स्वामित्वहक्क छायाचित्रकाराकडे राहील, नियतकालिकाला फक्त छापण्याची परवानगी मिळेल. त्यामुळे तेच छायाचित्र दुसऱ्या देशातल्या नियतकालिकाला देता येऊ लागले आणि एका संपादकाचा शब्द अखेरचा राहिला नाही. छायाचित्रणाच्या इतिहासात या निर्णयाचे महत्त्व एखाद्या नव्या लेन्सइतकेच आहे.

हेच तीन हात आपल्याकडे कसे चालले, हे पाहण्यासाठी मुंबईत यावे लागते. होमाई व्यारावाला 1913 मध्ये नवसारीला जन्मल्या आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. मुंबईतूनच निघणाऱ्या 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया'त त्यांची सुरुवातीची छायाचित्रे आली ती पती माणेकशा यांच्या नावाने. नवख्या बाईचे नाव छापण्यापेक्षा हे सोयीचे होते. पुढे त्यांनी 'डालडा 13' हे टोपणनाव घेतले. 1942 नंतर दिल्लीत राहून त्यांनी सत्तांतराचा सगळा काळ टिपला. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज त्यांचे नाव आदराने घेतले जाते. 2011 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

या कहाणीचा शेवट गोड म्हणून सुरुवातीकडे डोळेझाक करता येत नाही. माणेकशांच्या नावाने छापलेले एखादे छायाचित्र आज समोर आले तर त्याकडे कोणाची नजर म्हणून पाहायचे? होमाईंनी शहरातल्या स्त्रिया टिपल्या असतील तर त्या एका तरुण स्त्रीने पाहिलेल्या स्त्रिया आहेत. खालच्या ओळीत पुरुषाचे नाव असताना वाचकाने त्या पुरुषाने पाहिलेल्या स्त्रिया म्हणून पाहिल्या. चित्रातला एक कणही न बदलता अर्थ बदलला. श्रेयाची ओळ ही केवळ सौजन्याची बाब मानणाऱ्यांनी या उदाहरणाशी थोडे थांबावे. ती ओळ म्हणजे वाचनाची सूचना आहे.

सुनील जाना यांचे उदाहरण वेगळ्या दिशेचे आहे. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस पी. सी. जोशी यांनी या विद्यार्थ्याला कॅमेरा घेऊन सोबत चलायला लावले. चित्रकार चित्तप्रसाद यांनीही त्या काळात दुष्काळग्रस्त भागात फिरून रेखाटने केली. जानांची छायाचित्रे पक्षाच्या 'पीपल्स वॉर' या साप्ताहिकात आली. ते मुंबईतून निघे आणि अनेक भारतीय भाषांत त्याच्या आवृत्त्या होत्या. मराठी आवृत्ती होती 'लोकयुद्ध'. म्हणजे एका बंगाली छायाचित्रकाराने बंगालात टिपलेला दुष्काळ, एकाच पक्षाच्या छत्राखाली, वेगवेगळ्या लिप्यांतल्या ओळींसह देशभर पोचण्याची सोय तेव्हा झाली होती. भारतीय साहित्याला अनुवादातून जोडण्याची भाषा आपण नेहमी करतो. छायाचित्र ते काम कसे करू शकते याचा हा एक आरंभीचा नमुना आहे, आणि इथे अनुवाद झाला तो चित्राखालच्या ओळीचा.

जानांना इथे मिळाले ते प्रयोजन. आपली छायाचित्रे कशासाठी छापली जात आहेत, याबद्दल त्यांच्यात आणि छापणाऱ्यांत मतभेद नव्हता. ऑगस्ट 1943 मध्ये कोलकात्याच्या 'स्टेट्समन'नेही दुष्काळाची छायाचित्रे छापून सरकारची अडचण केली होती. तेव्हा पानावर जागा मिळणे हीच राजकीय घटना होती. पण पक्षाच्या पत्रात छायाचित्र पुराव्याचे काम करते आणि पुराव्याला एकाच गोष्टीची साक्ष द्यावी लागते. जानांच्या नजरेचा बाकीचा पसारा, म्हणजे नृत्य, शिल्प, आदिवासी जीवन, पाहायला त्यांची पुस्तके हाती घ्यावी लागतात. 1949 चे 'द सेकंड क्रीचर' हे त्यांपैकी पहिले; त्याची सजावट सत्यजित राय यांची. नियतकालिक छायाचित्रकाराला मोठा वाचकवर्ग देते, पण त्याची सगळी नजर क्वचितच देते. त्यासाठी पुस्तक लागते.

मराठी नियतकालिकांच्या जगात चित्राला मान नव्हता असे म्हणता येणार नाही. का. र. मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपला अंक डोळ्यांसाठीही असतो. दीनानाथ दलाल यांनी 'दीपावली' काढला, रघुवीर मुळगावकरांच्या मुखपृष्ठांसाठी लोक अंक विकत घेत. चित्रकाराचे नाव अनुक्रमणिकेच्या पानावर मानाने छापण्याची पद्धत आपल्याकडे आहे. छायाचित्रकाराच्या वाट्याला मात्र यातले फार थोडे आले. लेखाच्या मध्ये सोडलेली जागा भरायला छायाचित्र येते. लेखकाच्या नावाचा टाइप मोठा, मांडणीकाराचे नाव आत कुठेतरी आणि छायाचित्राखाली 'संग्रहातून' किंवा 'साभार'. कोणाच्या संग्रहातून, कोणाचे आभार, हे वाचकाने विचारायचे नाही.

याला ठळक अपवाद म्हणून गौतम राजाध्यक्ष यांचे नाव घेतले जाईल आणि ते योग्यच आहे. छायाचित्रकाराच्या नावावर मराठी वाचक थांबला तो बहुधा त्यांच्यामुळे. पण हे नाव मोठे झाले ते सिनेनटनट्यांच्या चेहऱ्यांबरोबर. शिवाय ते स्वतः लिहीत होते, 'चंदेरी'चे संपादन करत होते. 'चेहरे'मध्ये छायाचित्राइतकाच शब्दही त्यांचा आहे. म्हणजे तिन्ही हात त्यांनी बऱ्याच अंशी आपल्याकडे ठेवले होते. हा अपवाद नियम सिद्ध करतो तो असा: आपल्याकडे छायाचित्रकाराला नाव मिळवायचे तर एकतर चेहरा प्रसिद्ध हवा, नाहीतर लेखणी स्वतःची हवी. गावातली जत्रा, बंद पडलेली गिरणी, ऊसतोडीचा तळ टिपणाऱ्याकडे यांपैकी काहीच नसते.

कायदा मात्र त्याच्या बाजूने बराच आहे, आणि साहित्याच्या पानावर कायद्याची भाषा रुक्ष वाटली तरी इथे ती लागते. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता छायाचित्रकारच. आपण होऊन काढलेले छायाचित्र अंकाला पाठवले आणि ते छापले गेले, एवढ्याने हक्क अंकाकडे जात नाही. तो द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. नियतकालिकाच्या नोकरीत काढलेल्या छायाचित्राचा छापण्याचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. पण इतर बाबतींत पहिला मालक छायाचित्रकार राहतो. पैसे देऊन कोणी खास काढून घेतले, तर मात्र वेगळा करार नसल्यास हक्क काढून घेणाऱ्याचा. सगळ्यात महत्त्वाचे कलम 57: हक्क विकला तरी आपण कर्ता आहोत हे सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. नावाची ओळ ही मेहेरबानी नाही, असे कायदा सांगतो. आपल्या अंकांच्या रीतीला हे अजून कळायचे आहे.

म्हणून नव्या छायाचित्रकाराने अंकाकडे छायाचित्रे पाठवताना मानधनाच्या आधी तीन गोष्टी विचाराव्यात. नाव कुठे येईल? कापायचे झाले तर विचाराल का? खालची ओळ मी लिहिलेली घ्याल का? आणि ती ओळ त्याने खरोखरच लिहावी: ठिकाण, वर्ष, चित्रातला माणूस काय करतो आहे. 'जगण्याची धडपड' असली ओळ लिहू नये. ती कोणत्याही चित्राखाली चालते, म्हणजे कोणत्याच चित्राची नसते. वीस सुटी सुंदर छायाचित्रे पाठवण्यापेक्षा एकमेकांना धरून असलेली आठ पाठवावीत, म्हणजे क्रमही आपलाच जातो. ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणारी 'पारी' 2014 पासून हे काम शिस्तीने करते आहे. तिथे छायाचित्रकाराचे नाव असते, आणि चित्राखालच्या ओळी मराठीसह अनेक भाषांत अनुवादित होतात. एवढे एका संस्थेला जमते, तर वर्षातून एकदा निघणाऱ्या जाड दिवाळी अंकाला जमायला हरकत नसावी.

इथपर्यंत छायाचित्रकार आणि संपादक यांच्यातल्या वाटणीविषयी बोललो. पण छायाचित्रात एक चौथा माणूस असतो, आणि तिन्ही हात त्याला न विचारता काम करत असतात. पुन्हा यूजीन स्मिथकडेच जाऊ. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ते आणि आयलीन स्मिथ जपानमधल्या मिनामाता येथे राहिले. चिस्सो कंपनीने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे तिथली माणसे अपंग होत होती, मरत होती. जून 1972 मध्ये 'लाइफ'ने त्यांचे काम छापले. त्यात आई आपल्या बाधित मुलीला, तोमोकोला, न्हाऊ घालते आहे ते छायाचित्र होते. जगाला मिनामाता कळले ते मुख्यतः या एका चित्रातून. तोमोको 1977 मध्ये वारली. चित्र मात्र छापले जात राहिले, पुस्तकांत, भित्तिपत्रकांवर, प्रदर्शनांत. वीस वर्षांनी तिच्या आईवडिलांना वाटले की लेकीला आता विश्रांती मिळावी. यूजीन तोवर हयात नव्हते. हक्क सांभाळणाऱ्या आयलीन यांनी ते चित्र नव्याने छापायला देणे थांबवले. पुढे बऱ्याच वर्षांनी, मिनामातावरच्या सिनेमाच्या वेळी, त्यांनी ते पुन्हा दाखवण्याचा निर्णय घेतला, त्यावर वादही झाला.

या दोन्ही निर्णयांशी सहमत व्हावेच असे नाही. चित्र मागे घेतल्याने साक्ष बुजते, असे म्हणता येईल. ते पुन्हा दाखवल्याने घरच्यांना दिलेला शब्द मोडतो, असेही. पण इथे कोणीतरी विचारले तरी. चित्रातल्या माणसाला नाव होते, घर होते आणि छापण्याबद्दल त्याच्या घरच्यांना काही म्हणायचे होते, हे धरून चर्चा झाली. आपल्या अंकांत 'एक वृद्धा', 'एक कामगार', 'आदिवासी मुलगी' अशा ओळींखाली किती माणसे पडून आहेत! छायाचित्रकाराचे नाव छापा म्हणणाऱ्याने चित्रातल्या माणसाचेही नाव विचारून घेतलेले असले पाहिजे. छापू नका असे तो म्हणाला तर ते ऐकलेही पाहिजे. एकाच ओळीत दोन्ही नावे मावतात.

छायाचित्राच्या समीक्षेने भिंतीवरून पानावर यावे, ते यासाठी. 'हे चित्र चांगले आहे का?' याच्या जोडीला तिने विचारावे: हे कुठे छापले होते, शेजारी काय होते, कडेला काय कापले, ओळ कोणी लिहिली, नाव कोणाचे आले, कोणाचे राहिले? यांतल्या प्रत्येक प्रश्नाला जुन्या अंकांच्या पानांवर उत्तर आहे. जुने दिवाळी अंक ग्रंथालयांतून रद्दीत जाण्याआधी कोणीतरी ही उत्तरे उतरवून घ्यायला हवीत. कवितेचा पहिला छापील पाठ शोधायला आपण जेवढे फिरतो, तेवढे फिरले तरी पुरे.